पंधराव्या वर्षी लिहिलेला सागरी किल्ला आता भाचरांना कसा खेळवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. देवगडच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या तीन जुन्या वह्या सापडल्या. नववी-दहावीत लिहिलेलं एक साहस त्यात आहे, डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळासाठी, ज्यात एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे पात्रं होऊन काय करायचं ते ठरवतात आणि फासे निकाल देतात: समुद्रातला 'काळदुर्ग', ४६ खोल्या, निम्म्या खोल्यांत राक्षस, उरलेल्यांत सापळे आणि खजिना, शेवटी ३०० हिट पॉइंटचा, म्हणजे एवढं नुकसान सोसून मग पडणारा, वेताळ. तेव्हा ते कधी पुरं खेळून झालं नाही. आता गणपतीत ११ ते १५ वयाची चार भाचरं येणार आहेत आणि दोन संध्याकाळी मिळून सहा तास हातात आहेत. वही जशीच्या तशी खेळवायची की सगळं नव्याने लिहायचं, हे तुम्हाला ठरत नाहीये, कारण वाचताना लाज वाटते.

लाजेचं आधी उरकू. वहीतली भाषा मुलांसमोर येणारच नाही, त्यामुळे 'रक्ताळलेले डोळे' पानोपानी आले असले तरी काही बिघडत नाही. खरी अडचण अशी की त्या वयात साहस म्हणून जे लिहिलं जातं ती असते गोष्ट, आणि तिला नकाशा चिकटवलेला असतो. तपासायला सोपी खूण सांगतो. लाल पेन घ्या आणि ज्या वाक्याचा कर्ता खेळाडू आहेत त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. "मग ते डावीकडे वळतात." "ते पेटी उघडतात." "त्यांना वेताळाचा संताप येतो." अशा प्रत्येक रेघेपाशी मुलांचा एक निर्णय तुम्ही वीस वर्षांपूर्वीच घेऊन टाकला आहे. ज्या पानांवर लाल रेघ नाही ती बहुधा तशीच चालतात. नकाशे, किनाऱ्यावरच्या गावाचं वर्णन, बाजारातल्या किमतींची यादी ही पानं सहसा स्वच्छ निघतात. त्या वयातल्या लेखकाची ताकद तिथेच असते.

आता वेळेचं गणित. लढाई नसलेल्या खोलीला वर्णन, प्रश्न आणि शोधाशोध धरून दहा मिनिटं जातात. लढाईला चार नव्या खेळाडूंसह ३५ मिनिटं धरा. २३ लढाया आणि २३ बिनलढाईच्या खोल्या म्हणजे १,०३५ मिनिटं, सतरा तासांच्या वर. तुमच्याकडे सहा तास, त्यातून पात्रं बनवणं, चहा आणि आरती वजा करा, उरतात पाच. पाच तासांत दहा ठिकाणं नीट खेळून होतात, त्यातल्या चार-पाच ठिकाणी लढाई. म्हणजे ४६ पैकी ३६ खोल्या गाळायच्याच आहेत, तुम्ही नव्याने लिहा अगर न लिहा.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत. अकरा वर्षांचं सगळ्यात धाकटं एकटंच असेल तर लढाया आणखी कमी करा. लढाईत स्वतःची पाळी येईपर्यंत धाकट्याचं लक्ष उडतं. संध्याकाळी भजनाची बारी येणार असेल तर सलग तीन तास मिळणार नाहीत, दीड-दीड तासाचे तुकडे पाडा. वह्या नकाशापासून सुरू होतात की गोष्टीपासून, हेही बघा. नकाशापासून सुरू झालेली वही दोन दिवसांत तयार होते. गोष्टीपासून सुरू झालेलीला आठवडा लागतो, कारण नकाशा गोष्टीच्या सोयीने वाकवलेला असतो आणि दोन खोल्यांमधलं अंतर कुठेच जुळत नाही.

तयारी किती करायची याचा नमुना दशावतारात आहे. तिथे संवादांची संहिता नसते. आख्यान कुठलं, कोण कोणाचं सोंग घेणार, कुठून निघून कुठे पोचायचं एवढं ठरतं, बोलणं रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतं. पण प्रत्येक नटाला आपल्या सोंगाला काय हवंय ते पक्कं माहीत असतं, म्हणून ते सुचतं. तुमच्या काळदुर्गातल्या प्रत्येक बोलत्या पात्राला एवढंच द्या: त्याला काय हवंय आणि तो कशाला घाबरतो. दोन ओळी. पाच पात्रं पुरेत. फरक एकच, दशावतारात संकासुराचं पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. इथे शेवट तुम्हालाही ठाऊक असता कामा नये.

जशीच्या तशी की नवीन, याला माझं उत्तर: दोन्ही. जुन्या नकाशाची झेरॉक्स काढा आणि ती मुलांच्या हातात द्या. खेळात तो नकाशा काळदुर्गातून वीस वर्षांपूर्वी पळालेल्या एका कैद्याने आठवणीतून काढलेला आहे. तुमच्यापुढे असेल तो नवीन नकाशा, दहा ठिकाणांचा, खरा. कैद्याच्या नकाशात ४६ खोल्या का? भीतीने वाढवून सांगितल्या, काही ढासळल्या, काही त्याने ऐकीव लिहिल्या. अंतरं जुळत नाहीत? अंधारात पावलं मोजली होती. पंधराव्या वर्षीच्या चुका अशा खेळातलं साहित्य होतात. मुलं दर वळणावर कागद आणि तुमचं वर्णन ताडून बघतात, आणि कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा यावर भांडतात. ते भांडण म्हणजेच खेळ. एक पथ्य पाळा: नकाशा साधारण तीनात दोन वेळा बरोबर निघायला हवा. निम्म्याहून जास्त वेळा चुकला तर दुसऱ्या तासाला मुलं तो बाजूला ठेवतात.

खरा नकाशा काढताना किल्ल्याला किल्ल्यासारखं वागवा. अशा वह्यांमध्ये ४६ खोल्या असतात पण विहीर नसते. पाण्याशिवाय समुद्रातला किल्ला आठवडाभर टिकत नाही. सिंधुदुर्ग बांधून झाला १६६४ ते १६६७ या काळात, आणि त्याचा जीव आहे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरींत. तुमच्या दहा ठिकाणांत एक विहीर हवीच, कारण जिथे पाणी तिथे सगळ्यांना यावं लागतं, मुलांनाही आणि राक्षसांनाही. दारूकोठार भरतीच्या रेषेखाली असेल तर वर न्या. आणि गुप्त दरवाज्याला जादू लागत नाही. सिंधुदुर्गाचं महाद्वार समोरून दिसतच नाही, तटाच्या वळणात शिरल्यावर सापडतं. तसंच करा. होडीतून वर्णन करताना नुसता सलग तट सांगा आणि मुलं विचारतील तेव्हाच वळण सांगा.

एक खोली जवळून बघू. तुम्ही प्रश्नात उतरवलेली ही: "खोली १७. येथे सहा सांगाडे आहेत. ते हल्ला करतात. पेटीत ५०० मोहरा." यात मुलांना करण्यासारखं एकच आहे, फासे टाकणं. आता सांगाडे सहाच ठेवा, पेटीही ठेवा, आणि एकच प्रश्न विचारा: हे सहा जण इथे काय करत होते? समजा खोली १७ ही होड्यांच्या दुरुस्तीची कोठी आहे, समुद्राच्या बाजूला उघडणारी. सहा मेलेले खलाशी अजून एका जुन्या गलबताच्या फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरत बसलेत. त्यांना कोणाशी देणंघेणं नाही. उघडी आग आत आली की मात्र सहाही उठतात, कारण राळ पेटली तर काम गेलं. मुलांच्या हातात पेटती चूड आहे. झाली अडचण तयार.

पण ही अडचण मुलांना आधी कळण्याची सोय हवी, नाहीतर तो सापळा राहत नाही, सूड होतो. महत्त्वाची गोष्ट कळायला तीन वाटा ठेवा. मुलं एक ऐकत नाहीत, दुसरीचा भलताच अर्थ लावतात, तिसरी लागू पडते. पहिली, किनाऱ्यावरचा म्हातारा तांडेल होडी देताना बोलून जातो, "थंय चूड पेटवन जाव नकात, तेंका आग खपणा नाय." दुसरी, कोठीच्या आधीच्या बोळात भिंतीच्या कोनाड्यात विझवलेल्या चुडींचा ढीग आणि वाळूने भरलेलं मडकं. तिसरी, दारातूनच राळेचा वास. आता मुलं काळोखात चाचपडत जातील, आग दाराबाहेर ठेवून एकाला राखणीला बसवतील, किंवा खलाशांना गलबत पुरं करायला मदत करतील. शेवटचं केलं तर त्यांच्याकडे परतीचं गलबत आलं. ते वहीत कुठेच नव्हतं, आणि तेच मुलांच्या लक्षात राहील.

"उजवीकडच्या दारात पाऊल टाकलं की मृत्यू" या प्रकारच्या सगळ्या सापळ्यांना हाच उपाय. आधी खूण, मग निवड, मग किंमत. खूण देता येत नसेल तर तो सापळा काढून टाका.

आता भरती. तुमच्या वहीत समुद्र आहे पण नुसता चित्रात आहे, आणि कोकणातल्या मुलांना समुद्र घड्याळासारखा वापरून दाखवणं यापेक्षा सोपी आणि परिणामकारक युक्ती मला माहीत नाही. काळदुर्गाला किनाऱ्यापासून एक खडकाळ वाट द्या, ओहोटीला उघडी पडणारी. मालवणचा पद्मगड किंवा अलिबागचा कुलाबा ओहोटीला पायी गाठता येतो, तसंच. वेळ तिथीवरून काढायची जुनी रीत मुलांकडूनच करवून घ्या: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, रात्री नऊला, पूर्ण ओहोटी. किनाऱ्यागणिक थोडं मागेपुढे होतं, खेळाला पुरेसं आहे. चतुर्थीची कोर लवकर मावळते, त्यामुळे वाट काळोखातच पार करायची. त्या रात्री चंद्र बघायचा नसतो हे मुलांना ठाऊक असतंच, कोणीतरी ते खेळात आणेलच.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर तासातासाला अंदाजे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. गणित सोपं जावं म्हणून खेळातली भरती २४० सेंटिमीटरची धरा. वाटेवर पहिल्या तासानंतर २० सेंटिमीटर पाणी, दुसऱ्यानंतर ६०, तिसऱ्यानंतर १२०, चौथ्यानंतर १८०, मग २२० आणि २४०. म्हणजे तासाभराने घोटे बुडतात, दोन तासांनी मांड्या, आणि त्यानंतरच्या एका तासात पाणी एकदम छातीला येतं. पहिले दोन तास मुलं निर्धास्त असतात, म्हणूनच तिसरा तास त्यांना घाबरवतो.

हे टेबलावर आणायला लांब कागदाची एक पट्टी घ्या, तिच्यावर बारा घरं आखा, एक घर म्हणजे अर्धा तास, आणि पहिल्या घरात एक चिंचोका ठेवा. एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलं, एखादी खोली नीट धुंडाळली, जखमा बांधल्या, की चिंचोका एक घर पुढे. आणखी एक नियम, जो सगळ्यात जास्त काम करतो: मुलं खऱ्या घड्याळाची पाच मिनिटं वाद घालत बसली तरी एक घर पुढे. पट्टी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, लपवून ठेवली तर धाक राहत नाही. पहिली संध्याकाळ सहाव्या घराच्या आसपास संपवा. तेव्हा वाटेवर छातीभर पाणी आलेलं असतं आणि धाकट्याला आता परत फिरता येणार नसतं. रात्रभर सगळे त्यावर बोलतात.

फाशांबद्दल पटकन सांगतो. वीस बाजूंचे फासे मागवायची गरज नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली बाजारात आलं, आणि १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द प्रकाशकांनीच खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. चिठ्ठ्या वापरल्यात तर काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाका, नाहीतर शक्यता बदलत जातात आणि हुशार मूल उरलेले आकडे मोजायला लागतं. कवड्या दिसायला छान, पण त्यांचं पालथं-उताणं पडणं सारखं नसतं, तेव्हा त्या सजावटीलाच ठेवा. मी नव्या मुलांसाठी ल्युडोचे दोन फासे वापरतो. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम झालं. सात ते नऊ, झालं पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा कमी, तर प्रकरण बिघडलं. ज्या कामात पात्र तरबेज आहे तिथे एक मिळवा. नुसत्या फाशांवर पूर्ण यश १७ टक्के, बिघाड ४२ टक्के. एक मिळवला की दोन्ही २८ टक्के, आणि मधली किंमत मोजण्याची शक्यता ४४ टक्के. खेळ या मधल्या भागात घडतो. म्हणून किमतींची यादी आधीच लिहून ठेवा: चूड विझली, आवाज झाला, वस्तू पाण्यात पडली, भरती एक घर पुढे.

पात्रासाठी अर्ध्या पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. नाव, तरबेज असलेली तीन कामं, तीन वस्तू, एक भीती, दहा पॉइंट. तांडेल, वैद्य, गोलंदाज, माडावर चढणारा पाडेली, दशावतारातला खेळिया असे धंदे ठेवलेत तर समजावून सांगावं लागत नाही. पाडेली तट चढणार हे कोणीही ओळखतं.

लढाईत वार म्हणजे एका फाशाचं नुकसान. दहा किंवा जास्त आलं तर मुलाचा वार लागला, सात ते नऊला दोघांचाही, सहाला किंवा खाली फक्त शत्रूचा. आता तुमचा वेताळ. वहीतला नियम तुम्ही दिलात तो असा: एका फाशावर चार किंवा जास्त पडलं तर वार, आणि नुकसान पुन्हा एका फाशाचं. सरासरीने एका मुलाचे फेरीला पावणेदोन पॉइंट, चौघांचे सात. ३०० पॉइंट संपायला ४३ फेऱ्या, चार मिनिटांची एक फेरी धरली तर १७२ मिनिटं. पूर्ण एक संध्याकाळ नुसतं "लागला, नाही लागला". आकडा फुगवला की शत्रू भीतिदायक होतो हा त्या वयातला समज, प्रत्यक्षात तो कंटाळवाणा होतो. वर सांगितलेल्या पद्धतीत, तरबेजपणाचा एक मिळवून, चार मुलं फेरीला साधारण दहा पॉइंट उतरवतात, तेव्हा वेताळाला ४० द्या. मुलांचेही दहा पॉइंट साधारण चार फेऱ्यांत संपतात. म्हणजे नुसती मारामारी केली तर दोन्ही बाजू एकदमच आडव्या होणार, आणि हे दुसऱ्या फेरीलाच मुलांना दिसायला लागतं. मग ती बोलायला बघतात. तेव्हा वेताळाला काय हवंय ते तुमच्याकडे लिहिलेलं असलं पाहिजे. शून्यावर आलेलं पात्र मेलं असं करू नका. लाट त्याला ओढून तळघरात टाकते, बाकीच्यांना एक काम वाढतं.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. वहीत राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, असेल तर त्याला मारायचा शत्रू म्हणून ठेवू नका. ऑर्क, ड्रॅगन, सांगाडे हवे तितके कापा, कोणाला काही वाटणार नाही. राखणदाराला मात्र गावात आजही नारळ ठेवला जातो, आणि पडवीत बसलेल्या आजीने ऐकलं तर खेळ तिथेच बंद पडेल, रास्तपणे. त्याला पंच करा. किल्ल्यात शिरण्याआधी गाऱ्हाणं घातलं तर एकदा, फक्त एकदाच, बिघडलेला फासा पुन्हा टाकायची मुभा. गाऱ्हाणं मुलांनी स्वतः रचायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गप्प बसणारं मूलही तिथे तोंड उघडतं. ड्रॅगनला कोकणी करायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो परका आहे तोच बरा, वादळात भरकटून आला म्हणा.

टेबलावर काय बिघडेल तेही सांगून ठेवतो. सगळ्यात मोठा भाचा सगळ्यांच्या वतीने बोलेल. "तू काय करतोस?" हे नाव घेऊन, धाकट्यापासून सुरुवात करून विचारा. चौघं चार दिशांना जातील, तर दर तीन-चार मिनिटांनी एकाकडून दुसऱ्याकडे वळा आणि वळताना अर्धवट सोडा. तुमचा लाडका खलनायक पहिल्याच भेटीत मारला जाईल. जाऊ द्या, त्याची जागा घ्यायला टपलेला एक हाताखालचा माणूस तयार ठेवा. लाइट गेले तर थांबू नका, मेणबत्ती लावा आणि भरती एक घर पुढे सरकवा.

झेरॉक्स काढण्याआधी वह्या दोन दिवस सावलीत, पंख्याखाली उघड्या ठेवा. उन्हात घातल्या तर शाई उडते आणि कडा वळतात. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, सुकली की बोथट सुरीने हलकेच सोडवा. बुरशी आलेली पानं कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून शाई घेऊन निघते. आधी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढा, मगच काचेवर दाबा. आणि त्या वयातला नकाशा असेल तर खालच्या कोपऱ्यात सही आणि तारीख असणारच. ती खोडू नका. पळालेल्या कैद्याचं नाव तेच ठेवा, आणि भाचरांपैकी कोण आधी ओळखतं ते बघा.